स्टँडवरची सायकल

आमच्यापैकी एकाचं बालपण सांगलीत गेलं आणि दुसरीचं पुण्यात. पण स्टँडवर लावलेली सायकल दोन्ही घरांच्या अंगणात होती. दुपारी वडीलधारी मंडळी आडवी झाली की आम्ही हळूच त्या सायकलवर चढायचो. मागचं चाक जमिनीपासून चार बोटं वर. पाय पुरत नसत, म्हणून दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारायचं. चाक गरगर फिरायचं, डायनॅमो टायरला टेकवला की भर दुपारी दिवा लागायचा, आणि सायकल मात्र तसूभरही पुढे सरकायची नाही. मग आतून कुणीतरी ओरडायचं, "अरे, चेन पाडशील!" आणि आमचा प्रवास संपायचा.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी, डेट्रॉइटच्या एका उपनगरात, बाहेर फूटभर स्नो साठलेला असताना आम्ही दोघं बेसमेंटमध्ये पुन्हा तोच उद्योग करत असतो. फरक एवढाच, की आता त्या स्टँडला 'ट्रेनर' म्हणतात, त्याला पैसे मोजावे लागतात, आणि "चेन पाडशील" म्हणायला वर कुणी उरलेलं नाही.

मंडळात भेटणारे लोक विचारतात, "तुम्ही दोघं म्हणे ट्रायथलॉन की काय ते करता?" हे विचारताना त्यांची नजर आमच्या पोटाकडे जाते, हे आम्हाला दिसतं. पण गेल्या दोन-तीन हिवाळ्यांत आम्ही जे शिकलो, त्यातलं बरंचसं पळण्या-पोहण्याबद्दल नव्हतंच. ते 'बसण्या'बद्दल होतं. सायकलवर बसायचं कसं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, बसताना कुठं दुखतं ते सांगायचं कसं. या अंकात तेच लिहायचं आहे. थोडं संकोचाचं आहे, पण लिहायलाच हवं.

हे खूळ शिरलं कुठून?

२०२२च्या दिवाळीनंतर आमच्यातल्या नवऱ्याच्या रक्ताचा रिपोर्ट आला. एवनसी ६.३. म्हणजे अजून डायबिटीस नाही, पण दाराशी येऊन चपला काढतोय. त्याच महिन्यात आमच्यातल्या बायकोचे थोरले बंधू सांगता सांगता गेले. वय ५४, सिगारेट नाही, दारू नाही, सकाळी फिरून आले आणि चहाचा कप हातात असताना गेले. इकडून धावत जाऊनही शेवटचं दर्शन झालं नाही. परदेशात राहणाऱ्यांना हे दुःख नव्यानं सांगायला नको.

परत आल्यावर घर सुन्न होतं. तेव्हा कॉलेजातली लेक म्हणाली, "तुम्ही दोघं नुसते चालायला जाता आणि चालता चालता भांडता. काहीतरी ध्येय ठेवा ना." तिनंच आमची नावं पुढच्या उन्हाळ्यातल्या एका छोट्या ट्रायथलॉनमध्ये घातली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, लगेच सायकल चालवायची, आणि सायकल टाकून लगेच पळायचं. घड्याळ मध्ये थांबत नाही, कपडे बदलायला लागलेला वेळसुद्धा मोजला जातो. सर्वांत प्रसिद्ध प्रकार 'आयर्नमॅन'. तो १९७८ साली हवाईत सुरू झाला. पहिल्या वर्षी १५ जण उतरले आणि १२ जणांनी पूर्ण केला. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन. आपले मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०१५ साली, झुरिकला तो पूर्ण केला, तेव्हा घरोघरच्या नवऱ्यांची पंचाईत झाली होती हे आठवत असेल. २०१९पासून गोव्यातही त्याच्या निम्म्या अंतराची स्पर्धा सुरू झाली. आमची झेप तेवढी नाही. आम्ही केली ती 'स्प्रिंट', म्हणजे ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटर. २०२३च्या जुलैत ती कशीबशी पार पडली. शेवटून मोजलं तर नंबर चांगला आला.

खाऊन पाहिल्यावर भूक वाढते तसं झालं. पुढच्या वर्षी 'ऑलिंपिक' अंतर करायचं ठरलं. दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर पळणं. २०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, तो याच अंतरावर. आता ४० किलोमीटर सायकलचा सराव हवा, आणि मिशिगनमध्ये नोव्हेंबर ते मार्च रस्त्यावर सायकल काढणं म्हणजे आपणहून हाडं मोडून घेणं. म्हणून बेसमेंट, म्हणून ट्रेनर.

वाकायचं कशासाठी?

ट्रायथलॉनवाले सायकलवर विचित्र बसतात. हँडलवर पुढे दोन शिंगांसारखे दांडे असतात, त्यांच्या मुळाशी दोन मऊ गाद्या. त्या गाद्यांवर हात टेकायचे, मुठी पुढच्या दांड्यांवर आणि पाठ जमिनीला समांतर. पूजेला बसलेला माणूस नमस्कार घालता घालता मध्येच थांबलाय, असं काहीसं दिसतं. याला 'एअरो' बैठक म्हणतात.

यामागे कारण आहे. सपाट रस्त्यावर वेगात जाताना पायातली बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. वेग दुप्पट केला तर हवेशी झगडायला आठपट ताकद लागते. आणि हवा अडते त्यातला मोठा वाटा सायकलचा नसून वर बसलेल्या माणसाच्या अंगाचा असतो. हौशी लोकांच्या ट्रायथलॉनमध्ये पुढच्याच्या मागे चिकटून, त्याच्या आडोशानं जायला बंदी असते. तेव्हा ज्यानं त्यानं आपापली हवा कापायची. मग अंग लहान करण्यावाचून गत्यंतर नाही.

या शिंगांची ताकद जगाला दिसली ती १९८९च्या टूर द फ्रान्समध्ये. शेवटच्या दिवशी अमेरिकेचा ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. उरलं होतं फक्त व्हर्सायहून पॅरिसपर्यंतचं साडेचोवीस किलोमीटर. लेमाँडनं ट्रायथलॉनवाल्यांकडून उचललेले ते दांडे हँडलला लावले होते. पुढे असलेला फ्रान्सचा लोराँ फिन्यों साध्या हँडलवर, उघड्या डोक्यानं, पोनीटेल उडवत आला. तीन आठवड्यांची शर्यत लेमाँडनं ८ सेकंदांनी जिंकली. आजही त्या शर्यतीहून कमी फरकानं ती स्पर्धा कुणी जिंकलेली नाही.

आमच्यातल्या नवऱ्यानं ही गोष्ट कुठंतरी वाचली आणि त्याच आठवड्यात शिंगं मागवली. सायकल साधीच, रस्त्यावरची. तिला स्वतःच ती शिंगं बसवली, हँडल होता होईल तेवढं खाली केलं आणि फोटोतल्यासारखी पाठ सपाट करून बसला. समोर भिंतीवर टीव्ही, त्यावर मराठी नाटक, आणि एक तास पेडल. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, बेसमेंटमध्ये वारा कुठाय कापायला?" तिच्या प्रश्नात अर्धं शहाणपण होतं. उरलेलं अर्धं आम्हाला नंतर कळलं.

जागच्या सायकलचा छळ

रस्त्यावरची सायकल आणि स्टँडवरची सायकल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रस्त्यावर सायकल आपल्याखाली हलत असते, दर पेडलला थोडी डावी, थोडी उजवी. सिग्नल येतो, उतार येतो, खड्डा येतो. आपण नकळत उठतो, सरकतो, पाय थांबवतो. बैठकीवरचा भार क्षणाक्षणाला जागा बदलत असतो.

ट्रेनरवर मागचा भाग घट्ट आवळलेला. उतार नाही, सिग्नल नाही. पाय थांबवायचं निमित्तच नाही. माणूस एकाच जागी, एकाच हाडावर, एकाच नसेवर तासभर बसून राहतो. रस्त्यावर दोन तासांत जेवढा त्रास होत नाही, तेवढा इथं चाळीस मिनिटांत होतो. जी बैठक रस्त्यावर खपून जाते, तिच्यातली खोट बेसमेंटमध्ये उघडी पडते.

दुसरं म्हणजे उकाडा. पेडलवर जेवढी ताकद उतरते, त्याच्या तीन-चार पट उष्णता अंगात तयार होते. रस्त्यावर वारा ती घेऊन जातो. घरात ती अंगावरच राहते. घाम हँडलवर गळतो, कपडे ओले होतात, आणि ओल्या कपड्याच्या घर्षणानं कातडी सोलते. कुठली, ते ओघानं येईलच.

झाकली मूठ

डिसेंबरात आमच्यातल्या नवऱ्याच्या डाव्या आणि उजव्या दोन्ही हातांच्या करंगळ्या झोपायला लागल्या. मग अनामिका. ट्रेनरवरून उतरल्यावर तो हात झटकायचा.

"अहो, बोटं का झटकताय?"

"काही नाही गं, थंडी."

बेसमेंटमध्ये थंडी! टी-शर्ट पिळून काढावा एवढा घाम, आणि म्हणे थंडी. बोटांशिवाय आणखी एक जागा बधिर होत होती. ती त्यानं बायकोलाच काय, डॉक्टरलाही सांगितली नाही. 'सवय होईल' असं स्वतःला सांगत राहिला.

इकडे आमच्यातल्या बायकोनं डिसेंबरअखेर सायकल बंदच केली. कारण काय? तर संक्रांतीच्या कार्यक्रमाची तयारी, तिळगुळाच्या ऑर्डरी, वेळच नाही. खरं कारण असं, की बैठकीच्या जागी फोड आले होते, खाली बसवत नव्हतं, आणि गुडघ्याची वाटी समोरून ठणकत होती. ज्या घरात मुलींना 'सरळ बैस' यापलीकडे अंगाबद्दल कुणी काही बोललं नाही, त्या घरात वाढलेली बाई हे कुणाला सांगणार? भावाच्या आठवणीनं सुरू केलेली गोष्ट तिनं गपचूप सोडून दिली, आणि आतून ते तिला फोडापेक्षा जास्त लागलं.

म्हणजे एका छताखाली, एकाच ट्रेनरपायी, दोघं दोन दुखणी अंगावर काढत होते आणि एकमेकांना थापा मारत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ उघडली ती भर कार्यक्रमात. जानेवारी २०२४, मंडळाची संक्रांत, शाळेचं सभागृह. नाट्यगीतं होती आणि तबल्यावर आमच्यातला नवरा. गेली वीस वर्षं मंडळात तबला तोच वाजवतो. बरा वाजवतो असं नाही, दुसरं कुणी वाजवत नाही. तबल्यावर 'ना' काढताना अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली असावी लागते. ती टेकली आहे की नाही हेच त्याला कळेना. बोल फुटेना. मध्यलयीतला साधा तीनताल, आणि हात लाकडासारखा. पेटीवाल्यांनी दोनदा वळून पाहिलं. तिसऱ्या गाण्यानंतर तो "जरा पाठ धरलीय" म्हणून उठला. विंगेत येऊन बसला तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. आमच्याकडे वडिलांना पक्षाघात झाला होता. मनात काय आलं असेल ते सांगायला नको.

ताईंची बेसमेंट-भेट

आमच्या मंडळात एक फिजिओथेरपिस्ट आहेत. वयानं लहान, पण सगळे त्यांना ताई म्हणतात. त्यांनी विंगेतच बोटं दाबून पाहिली, कोपराच्या आतल्या बाजूला टिचकी मारली, आणि करंगळीपर्यंत करंट गेल्यावर विचारलं, "दादा, हल्ली कोपरावर भार देऊन काय करता?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे रीतसर तपासणी झाली. मेंदूचं काही नव्हतं. कोपराच्या मागून जाणारी अल्नर नर्व्ह, जिथं टेबलाचा कोपरा लागला की आपण कळवळतो तीच, रोज तासभर दबून चिडली होती. काही आठवडे तिच्यावर भार नको, मग ती आपोआप सुधारेल, असं निदान झालं. सुटकेचा निःश्वास टाकला.

त्या शनिवारी ताई घरी आल्या. "तबला नंतर, आधी सायकल दाखवा," म्हणाल्या. खाली जाऊन त्यांनी नवऱ्याला सायकलवर बसवलं, बाजूनं फोनवर पाच मिनिटांचा व्हिडिओ काढला आणि आम्हाला दाखवला. मनातला लेमाँड आणि पडद्यावरचा माणूस यांत फार अंतर होतं. पाठ सपाट नव्हती, कुबड होतं. खांदे कानाला लागलेले, मान वर मोडलेली, आणि कोपराचं हाड बरोबर गादीच्या कडेवर.

मग त्यांनी विचारलं, "आणि वहिनी, तुम्ही का बंद केलंत?"

"वेळच मिळत नाही."

ताई काही बोलल्या नाहीत. चहा करायला म्हणून दोघी वर गेल्या आणि चांगला पाऊण तास लागला त्या चहाला. खाली आल्यावर ताईंनी दोघांना समोर बसवलं आणि शाळेतल्या बाईंसारखं सांगितलं: "दमणं चालेल, मांड्या भरून येणं चालेल. बधिर होणं, सोलणं आणि सांधा दुखणं चालणार नाही. त्याची सवय करायची नसते. त्यासाठी सायकल बदलायची असते. आणि बदलायची तर आधी तोंड उघडायला हवं."

त्या रात्री आम्ही एकमेकांना सगळं सांगितलं. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर असा विषय निघेल असं वाटलं नव्हतं. आधी संकोच वाटला, मग दोघांनाही हसू आवरेना.

काय काय बदललं

आता कामाचं. हे आम्ही ताईंकडून आणि पुढे सायकलच्या दुकानात पैसे देऊन करून घेतलेल्या मोजमापातून शिकलो. ज्यांच्या घरी जागेवरची सायकल आहे, त्यांना ट्रायथलॉन करायचं नसलं तरी उपयोग होईल.

*सीटची उंची.* भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन मांड्यांच्या मध्ये एक जाड पुस्तक वर दाबून धरायचं, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. त्या आकड्याला ०.८८३ नं गुणलं की पेडलच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. ७८ सेंटिमीटरला साधारण ६९ येतात. हे सूत्र लेमाँडच्याच नावानं ओळखलं जातं. आकडेमोड नको असेल तर टाच पेडलवर ठेवा, पेडल तळाशी न्या. पाय सरळ व्हायला हवा, पण कंबर कलता कामा नये. मग नेहमीसारखा चवडा ठेवला की गुडघ्यात थोडा बाक राहतो. मोजणारे तो २५ ते ३५ अंशांत ठेवतात. सीट खाली असली तर गुडघा समोरून दुखतो. आमच्यातल्या बायकोचं हेच झालं होतं. तिची सीट जवळजवळ तीन सेंटिमीटर वर गेली. फार वर असली तर गुडघ्याची मागची बाजू ओढली जाते आणि कंबर डावी-उजवी डुलते.

*पुढचं चाक.* आमच्या ट्रेनरवर मागचं चाक उचललं जातं, लहानपणीच्या स्टँडसारखंच. त्यामुळे सायकल पुढे कलते आणि सगळा भार घसरून हातांवर येतो. पुढच्या चाकाखाली तेवढीच उंची द्यावी लागते. नवऱ्यानं लेकीची जुनी जाड टेक्स्टबुकं आणली. बायको म्हणाली, "सरस्वतीवर चाक? आधीच कमी भोगलंय का?" मग गराजमधली फळी कापून ठेवली. दहा मिनिटांचं काम, पण हातांना निम्मा आराम त्यानंच मिळाला.

*गाद्या आणि हात.* गादी कोपराच्या हाडाखाली नको, कोपराच्या किंचित पुढे, हाताच्या मांसल भागाखाली हवी. खांद्यापासून कोपरापर्यंतचा भाग खांबासारखा साधारण उभा असावा, म्हणजे भार हाडं पेलतात आणि स्नायू थकत नाहीत. साध्या सायकलला शिंगं लावली की हात फार लांब पडतात. म्हणून सीट थोडी पुढे सरकवली, हँडलची मधली दांडी आखूड घेतली, आणि गाद्यांखाली ठोकळे घालून त्या चार सेंटिमीटर वर आणल्या. नवऱ्याला आधी अपमान वाटला. "एवढं वर? मग एअरो काय राहिलं?" दुकानदार शांतपणे म्हणाला, "जी बैठक तुम्ही दहा मिनिटांत सोडून देणार, ती कितीही खाली असली तरी तिचा उपयोग शून्य. जी तास-दीड तास टिकेल तीच तुमच्यासाठी वेगवान."

*पेडलचा दांडा.* पुढे वाकल्यावर मांडी पोटाला लागते. आमच्या पोटाला तर जरा आधीच लागते. श्वास अडतो, आणि नंतर पळताना कंबर उघडत नाही. म्हणून १७२.५ मिलिमीटरचे दांडे काढून १६५चे बसवले. दांडा जेवढा आखूड होतो तेवढी सीट वर घ्यायची, नाही तर पहिला हिशेब चुकतो.

*खुद्द सीट.* इथं संकोच सोडून वाचावं. रुंद, गुबगुबीत सीट आरामाची असते हा गैरसमज आहे. तीत अंग रुततं आणि नको तिथं दाब येतो. भार बसण्याच्या दोन हाडांवर यायला हवा. खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा कडक खुर्चीवर ठेवून त्यावर बसा. उठलात की दोन खड्डे दिसतात, त्यांतलं अंतर मोजा. देशातून आलेल्या फराळाच्या खोक्यावर आमची मोजमापं झाली. एअरोमध्ये कंबर पुढे झुकते आणि भार या हाडांच्या पुढच्या, नाजूक भागावर येतो. म्हणून ट्रायथलॉनवाले मध्ये फट असलेली किंवा पुढे दुभंगलेली सीट वापरतात. आम्ही दोघांनी चार सीटा आणून परत केल्या तेव्हा प्रत्येकाची पाचवी सापडली. नवऱ्याची बायकोला चालत नाही, बायकोची नवऱ्याला नाही. एकच सीट दोघांत वापरणं ही आमची मूळ काटकसर होती, आणि तीच नडली होती.

*कपडे.* आतून पॅड असलेली सायकलची चड्डी घालायची, आणि तिच्या आत दुसरं काही घालायचं नाही. हे कुणी आम्हाला आधी सांगितलं असतं तर फोड आलेच नसते. उतरल्याबरोबर ओले कपडे काढून अंघोळ करायची, फोनवर गप्पा मारत बसायचं नाही.

*पंखा आणि टीव्ही.* समोरून मोठा पंखा लावला. टीव्ही भिंतीवरून काढून पुढच्या चाकाच्या पुढे बुटक्या स्टुलावर ठेवला, रस्त्यावर असताना नजर जिथं पडेल साधारण तिथं. उंचावर टीव्ही ठेवून खाली वाकलेल्या माणसाची मान मोडणारच.

मिनिटांचा हिशेब

लेकीच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर आता सांगतो. बेसमेंटमध्ये वारा नाही हे खरं. तिथं वाकून वेग वाढत नाही. पण उन्हाळ्यात ४० किलोमीटर त्याच बैठकीत काढायचे असतील तर मान, पाठ, मांड्या यांना ती आधी ओळखीची व्हावी लागते. वाकल्यावर स्नायूंची कामं बदलतात. सरळ बसून कमावलेली ताकद वाकल्यावर जशीच्या तशी मिळत नाही.

म्हणून बोटांना पूर्ण आराम दिल्यावर, मार्चपासून, आम्ही पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. पहिला आठवडा पाच-पाच मिनिटं वाकून, मध्ये पाच मिनिटं सरळ. मग आठ, मग बारा. दर दहा मिनिटांनी पेडलवर उभं राहायचं, पंधरा-वीस सेकंद. जागची सायकल हलत नाही, तेव्हा हलायचं काम आपण करायचं. घरात एकजण सायकलवर असला की दुसरा जिन्यावरून ओरडतो, "उठा!" पूर्वी असं फक्त रविवारी सकाळी ओरडावं लागे.

शेवटची दहा मिनिटं वाकून संपवायची आणि लगेच बूट बदलून बाहेर दहा मिनिटं पळायचं. याला 'ब्रिक' म्हणतात. पहिल्यांदा पळून पाहा, पाय खरंच विटांचे वाटतात. बैठक फार दुमडलेली असेल तर ते याच दहा मिनिटांत कळतं.

ऑगस्टची सकाळ

२०२४च्या ऑगस्टमध्ये आमची स्पर्धा झाली. नवऱ्यानं ४० किलोमीटर १ तास ३८ मिनिटांत काढले, त्यातले निम्म्याहून अधिक वाकून. बायकोला १ तास ४४ मिनिटं लागली, पण ती पळायला लागली तेव्हा गुडघा गप्प होता. शेवटच्या वळणावर तिनं आकाशाकडे बघून काहीतरी पुटपुटलं. आम्ही विचारलं नाही, ठाऊक होतं. आमच्या वेळांनी कुणाचाही विक्रम धोक्यात आला नाही. एवनसी ५.८ वर आली. अजून चपला दाराशीच आहेत, पण आता बाहेरच्या बाजूला.

आणि त्या गणपतीत आरतीला तबला वाजला. 'ना' स्वच्छ निघाला. पेटीवाल्यांनी वळून पाहिलं ते हसून.

मंडळी, आपल्याकडे दुखणं अंगावर काढणं हा गुण मानतात. आपल्या आयांनी काढलं, वडिलांनी काढलं, आणि आम्हाला वाटतं, थोरल्या बंधूंनीही काढलं असेल. त्या सकाळी चहा प्यायच्या आधी त्यांना काही होत होतं का, हे आता कुणाला विचारणार? सायकल ही तशी किरकोळ गोष्ट. पण सीट एक सेंटिमीटर वर घ्यायची तरी आधी 'इथं दुखतं' असं म्हणावं लागतं. जो हे सीटबद्दल म्हणायला शिकला, तो उद्या छातीबद्दलही म्हणेल.

येत्या नोव्हेंबरात बेसमेंट पुन्हा सुरू होईल. ज्यांच्या घरी सायकल कपडे वाळत घालायच्या कामी लागली असेल, त्यांनी ती गाडीत घालून जरूर आणावी. टेप आहे, फळी आहे, पुठ्ठ्याचे खोकेही भरपूर आहेत. चहाही मिळेल. येताना फक्त कुठं दुखतं ते खरं सांगायचं, एवढं ठरवून यावं.